ॲस्पिरिन लागू पडते की नाही?

तेंदूपत्त्याचा हंगाम सरल्यावर अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एक वयस्क भाऊ मुलासह आमच्याकडे आले. जयभीम झाला, चहापाणी झाले आणि मुलाने सरळ विचारले, "बाबांच्या पायाचे बायपास झाले. रोज ॲस्पिरिन सुरू आहे. ती लागू पडते की नाही हे तपासता येते म्हणतात. नागपूरला नेऊ का?"

भाऊंची हयात बिडीत गेली, वळण्यात आणि ओढण्यातही. तंबाखूने पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात. आधी चालताना पोटरी भरून येते, पुढे अंगठा काळा पडतो. मग शस्त्रक्रिया करून रक्ताला नवी वाट द्यावी लागते. ती वाट गुठळीने बुजू नये म्हणून ही गोळी.

रक्तातील प्लेटलेट, म्हणजे शाळेच्या पुस्तकातील रक्तपट्टिका, एकमेकींना चिकटून गुठळी धरतात. त्यासाठी लागणारा थ्रॉम्बॉक्सेन हा पदार्थ त्या स्वतःच तयार करतात. ॲस्पिरिन ते काम बंद पाडते. या औषधाच्या कामाचे मर्म इंग्लंडच्या जॉन व्हेन यांनी १९७१ साली उलगडले, १९८२ साली त्यांना नोबेल मिळाले. एकदा बंद पडलेली प्लेटलेट तिच्या आठ-दहा दिवसांच्या आयुष्यात पुन्हा सुरू होत नाही. पण रोज सुमारे दहावा हिस्सा नव्या प्लेटलेट येतात, म्हणून गोळी रोजची. शस्त्रक्रियेनंतर आणि मधुमेहात त्या अधिक वेगाने येतात, तिथे गोळी अपुरी पडू शकते.

तपासणी खरोखरच आहे. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ बसतो आणि पाणी नितळ होते, तसेच. प्लेटलेट असलेला रक्तद्रव गढूळ असतो. त्यात ॲराकिडोनिक ॲसिड टाकले की प्लेटलेटचे गोळे होतात आणि प्रकाश आरपार जाऊ लागतो. ॲस्पिरिन लागू असेल तर द्रव गढूळच राहतो. गोळे होण्याचे प्रमाण २० टक्क्यांखाली असले तर गोळीचे काम चालू आहे असे सहसा धरतात. मात्र हे रक्त फ्रीजमध्ये ठेवून चालत नाही, हादरे चालत नाहीत आणि साधारण चार तासांत ते यंत्रावर लागावे लागते. विदर्भ एक्सप्रेसने डब्यात पाठवण्याजोगे ते काम नव्हे, माणसालाच न्यावे लागते. शिवाय निकाल पाहून औषध बदलल्याने रुग्णाचे भले होते, हे अजून पक्के सिद्ध झालेले नाही. म्हणून डॉक्टर ती सरसकट लिहून देत नाहीत.

आम्ही भाऊंकडे गोळ्यांचे पाकीट मागितले. चौदा गोळ्यांचे पाकीट, आणून तीन आठवडे झालेले, तरी आत पाच गोळ्या शिल्लक! "पाय दुखत नाही त्या दिवशी कशाला घ्यावी," भाऊ म्हणाले. वर सकाळी गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली आयबुप्रोफेनची गोळी. ती ॲस्पिरिनच्या आधी पोटात गेली तर ॲस्पिरिनची जागा अडवून बसते. मुलाला याची दाद नव्हती. सर्व गोळ्या घेऊन आधी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा, असे आम्ही सांगितले. दात काढायचा झाला तरी त्यांना विचारल्याशिवाय ॲस्पिरिन थांबवू नका, आणि शौच काळी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, हेही बजावले.

परवा मुलगा बाजारात भेटला. गुडघ्याची गोळी डॉक्टरांनी बदलून दिली. ॲस्पिरिन आता सून रोज जेवणानंतर स्वतः हातावर ठेवते. बिड्या मात्र अजून दिवसाला दोन चालूच आहेत.