आई निर्दोष आहे!

नोकरी पुण्यात आणि घर उंब्रजला, अशा मंडळींचा हा ठरलेला सीन. वीकेंडला बाबांसाठी प्युअर कॉटनचा मस्त टी-शर्ट न्यायचा. पहिल्याच धुण्यात तो उंचीला आखूड आणि अंगात ढगळ. मग खापर आईवर. 'गरम पाण्यात टाकलास ना?'

बॉस, आधी वीण बघा. शर्टाचं कापड मागावरचं, उभे-आडवे धागे जवळपास सरळ. टी-शर्टचं होजिअरी कापड म्हणजे एकात एक अडकवलेले फासे; आजीच्या स्वेटरसारखेच, फक्त बारीक. मशीनवर विणताना आणि पुढे रंगवताना, सुकवताना हे कापड लांबीत ओढलं जातं. गोल फासे उभट होतात आणि तसेच शिवले जातात. पाणी लागलं की सूत फुगतं, फासे मोकळे होऊन पुन्हा गोलाईकडे जातात. उंची घटते, रुंदी कधीकधी वाढते. कापूस फारसा आटलेलाच नसतो! गार पाण्यातही हे होतंच. गरम पाणी आणि ड्रायर काम लवकर उरकतात, इतकंच. 28 इंची टी-शर्ट 5 टक्के आटला, तरी जवळपास दीड इंच गेला.

म्हणून दुकानात कापड उलटून बघा. पुढे इंग्रजी 'व्ही'च्या रांगा आणि मागे कमानी दिसल्या, तर ती सिंगल जर्सी. वीण जितकी विरळ, तितका फाशांना हलायला वाव. दोन्हीकडून सारखं दिसणारं, कमी ताणलं जाणारं इंटरलॉक जास्त भरवशाचं. मनगटाची 'दोन सुलट, दोन उलट' रिब आडवी भरपूर ताणली जाते. पण कापसाला स्वतःची स्प्रिंग नसते, त्यामुळे बाह्या सारख्या वर सरकवल्या की ती लोंबते. लोकरीची रिब जास्त टिकते.

लोकरीचं आटणं मात्र वेगळं. तिच्या तंतूंवर खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात, परत सुटत नाहीत. मागावरची माणदेशी घोंगडीही यातून सुटत नाही. सैल विणीचा स्वेटर तर सगळ्यात आधी जातो. तिथे आईची चौकशी करायला हरकत नाही!

बाबांचा टी-शर्ट आखूड झालाच असेल, तर ओला असताना हातानं हलकेच लांबीत ओढा आणि चटईवर पसरून सुकवा. थोडी उंची परत येते. पुढच्या धुण्यानंतर पुन्हा ओढायचा.