दाता भरला, पण ताण मोजला का?

झिजलेल्या गिअरच्या दात्यावर लेझरने धातूची भुकटी वितळवून थरावर थर चढवायचे आणि मग तासून मूळ माप आणायचे, ही दुरुस्ती स्वागतार्ह आहे. चार दाते झिजले म्हणून अख्खा गिअर भंगारात टाकणे हा पोलादाचा आणि विजेचा अपव्यय आहे. मात्र माप जुळले, तडा दिसला नाही, एवढ्यावर काम मान्य करणे धोक्याचे आहे. वितळलेला थर थंड होताना आकसू पाहतो आणि खालचे थंड पोलाद त्याला आकसू देत नाही. एक मीटर पोलाद १०० अंशांनी थंड झाले की सुमारे १.२ मिलिमीटरने आखडते. ते पूर्ण रोखून धरले तर सुमारे २४० मेगापास्कल ताण निर्माण होतो. साधे बांधकामी पोलाद २५० ला कायमचे वाकू लागते. हा थर तर हजाराहून अधिक अंशांनी थंड होतो. उरलेला ताण दात्याच्या मुळाशी ओढीचा असेल, तर तो चालत्या भारात मिळतो. मिनिटाला १००० फेरे घेणाऱ्या गिअरचा प्रत्येक दाता तासाला किमान ६०,००० वेळा वाकतो. तडा जन्मतो तो दात्याच्या या मुळाशीच. कार्बुरायझिंग केलेल्या, म्हणजे पृष्ठभागात कार्बन मुरवून कठीण केलेल्या, नव्या दात्याच्या पृष्ठभागावर याउलट दाब असतो आणि तो तड्याला उघडू देत नाही. म्हणजे बाहेरून सारखे दिसणारे दोन दाते आतून अगदी विरुद्ध अवस्थेत असू शकतात.

‘वेल्डिंगने दाते भरून वर्षानुवर्षे यंत्रे चालली,’ असे अनुभवी कारागीर म्हणतात आणि ते खरे आहे. पण सावकाश फिरणाऱ्या उघड्या गिअरला जे चालून जाते, ते वेगवान गिअरबॉक्सला चालेलच असे नाही. दुसरा आक्षेप असा की, भट्टीत तापवले की ताण जातो. त्यासाठी पोलाद साधारण ५५० ते ६५० अंशांपर्यंत न्यावे लागते; कार्बुरायझिंग केलेल्या दात्यांचे टेम्परिंग, म्हणजे कठीण केल्यानंतरचे सौम्य तापवणे, मात्र १५० ते २०० अंशांच्या आसपास झालेले असते. एक दाता वाचवताना शेजारचे सगळे मऊ पडतील. म्हणून आधी बेताने तापवणे, थंड होताना किंचित फुगणारा मिश्रधातू निवडणे, शेवटी शॉट पीनिंगने पृष्ठभागावर दाब आणणे, हे उपाय गिअर पाहूनच ठरवावे लागतात. मोजणीचा खर्च वाढतो हेही खरे. पण त्याच धातूच्या, त्याच पद्धतीने भरलेल्या नमुना दात्यावर क्ष-किरण विवर्तनाने ताण मोजता येतो, प्रत्येक गिअर तपासावा लागत नाही. अचानक तुटलेल्या दात्यामुळे अख्खा गिअरबॉक्स फुटण्यापेक्षा हा खर्च थोडाच. म्हणून दुरुस्तीच्या कार्यादेशात मापांसोबत दात्याच्या मुळाशी चालणारा कमाल ताण लिहावा, आणि त्याचा मोजणी अहवाल हाती आल्याशिवाय बिल मंजूर करू नये.