उपरा सलामीवीर

मुंबईचा वसीम जाफर २०१५-१६ च्या हंगामापासून विदर्भाकडून खेळू लागला, तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला दिल्लीचा पराभव करून विदर्भाने आपला पहिला रणजी करंडक जिंकला. विजयी चौकार जाफरचाच. मग हे यश उसने ठरते काय?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत हा प्रश्न निदान अनोळखी वाटू नये. वडशाच्या नाटक कंपन्या हंगामापुरते मुंबई-पुण्याचे नट करारावर आणतात. नाटक त्यामुळे मुंबईचे होत नाही. रात्रभर जागणारा प्रेक्षक ते होऊ देत नाही. अंतिम सामन्यातही शतक अक्षय वाडकरचे होते, हॅटट्रिक रजनीश गुरबानीची. जाफरच्या पहिल्या डावातील धावा ७८.

आणि करार म्हणजे निव्वळ बाजार, हेही आम्हांस मान्य नाही. २०१६-१७ मध्ये जाफर दुखापतीने मैदानाबाहेर होता, तरी त्याला ठरलेले पैसे मिळाले. पुढचा, विजेतेपदाचा हंगाम तो मानधन न घेता खेळला.

उपऱ्यांची मोजदाद करणाऱ्यांनी त्या संघात सिरोंचा-एटापल्लीकडची किती पोरे होती, हेही एकदा विचारावे.