यजमानपद आणि हजेरीपट

1930 साली कॅनडातील हॅमिल्टन येथे सुरू झालेल्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचे शताब्दीपर्व 2030 साली अहमदाबादेस साजरे व्हावयाचे आहे. 2025 च्या नोव्हेंबरात ग्लासगो येथे त्यावर शिक्कामोर्तब झाले. त्याच्या वर्षभर आधी, 2036 चे ऑलिंपिक भरविण्याची इच्छाही भारताने आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीला लेखी कळविली होती. तेव्हापासून यजमानपदाने देशाचे काय काय भले होते याच्या याद्या प्रसिद्ध होत आहेत : प्रवासी येतील, रोजगार वाढेल, जगात नाव होईल. उलटपक्षी आपल्यातील पुष्कळांचा पहिला उद्गार ‘गरीब देशाला हे डोहाळे कशाला?’ असा असतो. आमच्या मते ह्या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. लाभ होतो, तो कोणता, किती काळ टिकतो आणि कोणाच्या पदरात पडतो, ह्याची छाननी मात्र कोणी करीत नाही.

प्रवासी आणि रोजगार हे मुद्दे प्रथम बाजूस सारू. शंभर रुपये खर्च झाले की ते हातोहाती फिरून त्यापेक्षा अधिक उत्पन्न निर्माण करतात, हे केन्सप्रणीत गुणकाचे तत्त्व खरे आहे. परंतु तेच शंभर रुपये पाटचाऱ्यांवर अथवा प्राथमिक आरोग्य केंद्रांवर खर्चिले असते तर गुणक तेथेही चाललाच असता. 1976 च्या ऑलिंपिकचे कर्ज फेडण्यास मॉन्ट्रिअलकरांना 2006 साल उजाडले. लॉस एंजेलिसने 1984 साली वीस कोटी डॉलरहून अधिक शिल्लक दाखविली, ती मुख्यतः 1932 च्या ऑलिंपिकचे मैदान व इतर तयार क्रीडांगणे वापरल्यामुळे, आणि दुसरे शहर स्पर्धेत नसल्याने अटी आपल्या सोयीने ठरविता आल्यामुळे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने खर्चाचा वाढता आकडा पाहून 2023 साली 2026 च्या राष्ट्रकुल सामन्यांतून अंग काढून घेतले. ग्लासगोने ते स्वीकारले ते अवघ्या दहा खेळांचे करून. त्यात कुस्ती गेली, हॉकी गेली. श्रीमंत देशांनी नाकारलेले ताट आपल्यापुढे आले आहे, एवढे तरी लक्षात ठेवावे.

मग लाभ कोठे आहे? त्यासाठी 1982 च्या दिल्लीकडे जावे लागते. एशियाडमुळे राजधानीस उड्डाणपूल मिळाले, देशास रंगीत दूरदर्शन मिळाले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याहून महत्त्वाचे असे की, त्याच निमित्ताने केंद्रात स्वतंत्र क्रीडा विभाग निर्माण झाला आणि बांधलेल्या क्रीडांगणांचे पुढे काय, ह्या विवंचनेतून 1984 साली भारतीय क्रीडा प्राधिकरण स्थापन झाले. पहिले राष्ट्रीय क्रीडाधोरणही त्याच वर्षीचे. 2025 च्या जानेवारीत खो-खोचा पहिला विश्वचषक भरला तो एशियाडसाठी बांधलेल्या इंदिरा गांधी क्रीडागृहातच. आणि विजयी महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे ही आपल्या बीड जिल्ह्यातील. वास्तू टिकली आणि तिची काळजी घेणारी संस्था उभी राहिली, तर बेचाळीस वर्षांनीही फळ मिळते.

एशियाडचा आणखी एक लाभ कोणत्याही यादीत आढळत नाही, आणि आमच्या दृष्टीने तोच सर्वांत मोठा. ती क्रीडांगणे राजस्थान, उत्तर प्रदेश, ओरिसा येथून आणलेल्या मजुरांनी बांधली. किमान वेतन दिवसाला सव्वानऊ रुपये होते. त्यातला एक रुपया जमादार कापून घेई. ‘पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स’ ह्या संघटनेने पाहणी करून सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले, न्यायालयाने ते पत्रच याचिका मानले, आणि सामन्यांच्या उद्घाटनाआधी दोन महिने, सप्टेंबर 1982 मध्ये, न्यायमूर्ती भगवती यांनी निर्णय दिला : किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम करविणे ही वेठबिगारीच होय, आणि ती घटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने निषिद्ध आहे. पुढच्याच वर्षी राजस्थानातील दुष्काळी कामांवरच्या मजुरांना हेच तत्त्व लागू झाले. 1972 च्या दुष्काळात खडी फोडलेल्या मराठवाड्याला त्याचे मोल निराळे सांगावयास नको. अर्थात हा लाभ सामन्यांनी आपण होऊन दिला नाही. चार माणसे जागी होती म्हणून तो मिळाला.

2010 साली जागे राहणारे कमी पडले. दिल्लीच्या राष्ट्रकुल सामन्यांत भारताने 101 पदके मिळविली. नाशिक जिल्ह्यातील आदिवासी पाड्यावरची कविता राऊत दहा हजार मीटर धावून पदक घेऊन आली. ही कमाई खरी आहे. पण त्याच सामन्यांसाठी अनुसूचित जातींच्या उपयोजनेचे शेकडो कोटी रुपये वळविले गेले आणि ते चुकीचे झाले, हे केंद्रीय गृहमंत्र्यांना राज्यसभेत कबूल करावे लागले. दलित वस्तीची नळयोजना थांबवून जो देशाचा मान वाढवितो, त्याचा हिशेब कोणत्या वहीत लिहावयाचा?

पुण्याजवळचे बालेवाडीचे संकुल 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभारले गेले. 2008 साली तेथे राष्ट्रकुल युवा सामने झाले. ते ओस पडले नाही, ही समाधानाची गोष्ट. परंतु भोवतालच्या शेतजमिनी पाहता पाहता इमारतींच्या झाल्या. सार्वजनिक पैशाने वाढलेली ती किंमत ही अर्थशास्त्राच्या भाषेत अनर्जित वाढ. ती सार्वजनिक तिजोरीत पुरेशी यावी अशी करव्यवस्था आपण आजवर उभारलेली नाही. अहमदाबादेत हेच होणार, असे आजच म्हणता येईल.

तेव्हा बिलोलीत बसून आपण काय करावे? सामन्यांना विरोध करून ते थांबणार नाहीत, आणि ते थांबावेत असे आम्हांस वाटतही नाही. तेथील बांधकामावर दाहोद-पंचमहालचे, नंदुरबारचे आदिवासी असण्याचा संभव आहे. हैदराबादच्या कामांवर जाण्याची सवय असलेले आपल्याकडचेही काही जण जातील. 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा ज्या श्रमसंहितेत विलीन झाला, ती 2025 च्या नोव्हेंबरापासूनच अंमलात आली आहे. नव्या तरतुदी कार्यकर्त्यांनी आताच वाचून ठेवाव्यात. गावातून मुकादमाबरोबर कोण गेले, किती उचल घेऊन गेले, ह्याची वही ठेवावी. 1982 ला जमादाराचा तो एक रुपया कोणी मोजला नसता तर निर्णयही झाला नसता.

दुसरे काम घरचे. महाराष्ट्र शासनाने 2022 साली तालुका क्रीडा संकुलाची अनुदानमर्यादा एक कोटीवरून पाच कोटींवर नेली. पॅरिसच्या 2024 च्या पॅरालिंपिकमध्ये भारताचा ध्वज धरणाऱ्या दोघांपैकी एक, भाग्यश्री जाधव, नांदेड जिल्ह्याची आहे, आणि तिच्यासारखी अपंग मुलगी आपल्या तालुक्याच्या मैदानावर चाकाच्या खुर्चीने आत तरी जाऊ शकेल काय, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे. किती शाळांना मैदान आहे, किती मैदानांवर अतिक्रमण आहे, क्रीडाशिक्षकाची जागा कोठे रिक्त आहे, ह्याची गाववार यादी करून ती ग्रामसभेत मांडावी, ठरावासह जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे द्यावी आणि तिची एक प्रत अधिवेशनापूर्वी आमदारांच्या हाती ठेवावी.