‘घरबसल्या’ पदवी आणि ग्रंथालयाचे दार



लग्नामुळे, बाळंतपणामुळे किंवा पैशांअभावी ज्यांचे शिक्षण मध्येच तुटले, अशा कितीतरी पदवीधर बायका ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या पदवीकडे वळताना दिसतात. ही पदवी दूरशिक्षणाने, मोबाइलवर धडे ऐकूनही घेता येते. याचे स्वागतच आहे. पण या शिक्षणाची जाहिरात ज्या ‘घरबसल्या’ शब्दाने होते, त्याविषयी थोडे बोलायला हवे.

ही वाट तशी जुनी आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ साली आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. पूर्वी पोस्टाने येणारे इग्नूचे अभ्याससाहित्य आता ‘ई-ज्ञानकोश’वर फुकट वाचता येते. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ वा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष आहे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. तेव्हा ही पदवी कुणी हलकी समजू नये. मात्र त्या संस्थेला त्या अभ्यासक्रमाची मान्यता आहे का, हे फी भरण्याआधीच आयोगाच्या यादीत पाहावे.

आता प्रश्न घराचा. घरबसल्या शिकणारी बाई घरात बसलेली असते का? भांडी आवरून, सासऱ्यांची औषधे देऊन, मुले झोपल्यावर जो वेळ उरतो, तो तिचा. आणि मोबाइल कुणाचा? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता. कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, पुरुष मात्र ५७ टक्के. नवऱ्याचा फोन रात्री हातात येईपर्यंत व्याख्यान होऊन गेलेले असते. ‘शीक की, पण घरचं सांभाळून’ ही परवानगी म्हणजे तिसऱ्या पाळीचे काम आहे.

शिवाय हे शास्त्र घरात बसून पुरते कळत नाही. पुस्तकाला क्रमांक देणे ही नुसती कारकुनी नसते. कोणता विषय कशाशेजारी बसेल, हे त्यातून ठरते. मेल्विल ड्युईने १८७६ साली मांडलेली दशांश पद्धत आजही जगभर वापरली जाते. तिच्या जुन्या आवृत्त्यांत ‘स्त्री’ हा विषय ३९६ क्रमांकावर, म्हणजे शिष्टाचाराच्या ३९५ क्रमांकाला लागून होता. आज तो सामाजिक गटांमध्ये, ३०५.४ वर आहे. याच ड्युईच्या बायकांशी असलेल्या गैरवर्तनामुळे अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने २०१९ साली त्याचे नाव आपल्या पदकावरून काढले. कपाटाची रचना माणसे करतात आणि माणसेच ती बदलतात, हे ज्या बाईला समजले तिच्या हाती मोठी गोष्ट आली. पण त्यासाठी कपाटासमोर उभे राहावे लागते. तालिकीकरणाचा सराव, वाचकांशी बोलणे, संगणकावर नोंदी करणे, हे सारे ग्रंथालयातच शिकायचे.

आणि पदवीनंतर? १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली आपली गावोगावची ग्रंथालये सरकारी अनुदानावर चालतात. लहान ग्रंथालयात सेवकाच्या हाती पडते ते मानधनाइतकेच. ‘बाईला काय, घराजवळ बसून होतं’ असे म्हणून ते तुटपुंजेच ठेवले जाते. इथेही तोच ‘बसण्या’चा शब्द!

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. मुक्त विद्यापीठांनी संपर्क वर्ग आणि प्रात्यक्षिके तालुक्याच्या गावी, बायकांना जमेल अशा वेळी ठेवावीत. गावच्या ग्रंथालयाने शिकणाऱ्या बाईला संगणक व बसायला जागा द्यावी. प्रशिक्षित सेवकाला पदवीला साजेसा पगार मिळावा. घरातल्यांनी तिचा रोजचा एक तास आणि फोन तिच्यासाठी राखावा. आणि आपण? आपल्या ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळावर किती बायका आहेत, हे पुढच्या वार्षिक सभेला जाऊन विचारू या. एकटीने नको, चौघी-पाचजणी मिळून जाऊ या.