पत्रांचा खर्च कोणीं सोसावा?

आमच्या शिरूरच्या घरीं माळ्यावर एक तार आहे. वडिलांच्या काळीं आलेलीं पत्रें वाचून झालीं कीं त्या तारेंत ओवलीं जात. पोस्टकार्डांच्या कडा आतां पिवळ्या पडल्या आहेत, शाई कांहीं ठिकाणीं पुसट झाली आहे. तथापि पत्रें जागच्या जागीं आहेत. उलटपक्षीं, माझे बंधु २००१ सालीं अमेरिकेस गेल्यावर त्यांनीं पांच वर्षें जीं ई-पत्रें मला धाडिलीं, त्यांपैकीं एकहि आज माझ्यापाशीं नाहीं. खातें फुकटचें होतें. पुष्कळ दिवस तें उघडलें गेलें नाहीं, आणि चालविणारांनीं नियमाप्रमाणें तें बंद करून टाकिलें. ज्यांस आपण एक पैसाहि दिला नाहीं, त्यांस जाब तरी कोणत्या तोंडानें विचारावा?

गेल्या महिन्यांत दौंडास मावसबहिणीकडे गेलों असतां हा विषय निघाला. अक्कांचा मुलगा पुण्यास संगणकाच्या व्यवसायांत आहे. तो म्हणाला, “मामा, पत्रें पोंचविणारी यंत्रणा फुकट मिळते, ती रात्रंदिवस राखणारा माणूस फुकट मिळत नाहीं.”

त्याचें म्हणणें विचार करण्याजोगें आहे. पोस्टफिक्स हें पत्रें इकडून तिकडे नेणारें सॉफ्टवेअर १९९८ पासून, तर तीं पेटींत राखणारें डव्हकॉट २००२ पासून सर्वांस खुलें आहे. त्यांची घडण कोणीहि वाचावी, सुधारावी, दुसऱ्यास द्यावी. यास मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात. मुक्त म्हणजे फुकट नव्हे. मालकाच्या मर्जीपासून मोकळें, एवढाच त्याचा अर्थ. परंतु तें ज्या यंत्रांवर चालावयाचें त्यांस वीज लागते, पत्रांच्या दुसऱ्या प्रती निराळ्या ठिकाणीं जपून ठेवाव्या लागतात, आणि भामट्यांच्या पत्रांचा लोंढा अहोरात्र थोपवावा लागतो. शिवाय लहान संस्थेकडून आलेल्या पत्राकडे मोठ्या कंपन्या संशयानें पाहतात व पुष्कळदां तें नकोशा टपालाच्या ढिगांत लोटतात. ही प्रतिष्ठा सांभाळणें हेंच सर्वांत कष्टाचें काम, असें भाच्याचें मत पडलें.

मग फुकट सेवा चालतात कशा? पुण्याच्या बिशप शाळेंत शिकलेल्या सबीर भाटिया यांनीं एका सहकाऱ्यासह १९९६ सालीं हॉटमेल काढिलें. पुढच्याच वर्षाअखेर मायक्रोसॉफ्टनें तें विकत घेतलें. २००४ सालीं जीमेल निघालें. पत्रांतील मजकूर यंत्राकडून वाचवून त्याला जुळत्या जाहिराती शेजारीं दाखविण्याचा त्याचा प्रघात २०१७ सालीं बंद करण्याचें जाहीर झालें. जाहिराती मात्र राहिल्या. पोस्टकार्ड १८७९ सालीं एका पैशास निघालें, तेंहि खर्चाच्या मानानें फार स्वस्त राहत आलें आहे. परंतु तेथें तूट सरकारी खजिना सोसतो. ई-पत्रांच्या बाबतींत सरकारनें सामान्य गृहस्थासाठीं तशी सोय केलेली नाहीं. २०२५ सालीं केंद्र सरकारच्या सुमारें १२ लाख कर्मचाऱ्यांच्या पेट्या झोहो या स्वदेशी कंपनीकडे गेल्याचें प्रसिद्ध झालें. कंपनी स्वदेशी आहे हें ठीकच; पण तिचें सॉफ्टवेअर तिच्याच मालकीचें!

परदेशांत याहून निराळे प्रयोग चालू आहेत. बर्लिनची पोस्टेओ ही संस्था २००९ पासून दरमहा एक युरो घेते व जाहिरात मुळींच दाखवीत नाहीं. अमेरिकेंतील राइजअप स्वेच्छेच्या देणग्यांवर चालते. मला पहिली रीत अधिक पसंत आहे. देणगीदार उदार असला तरी विसराळू असतो. वर्गणीदार हक्कानें भांडतो, आणि त्यामुळें संस्था जागी राहते.

वर्गणीच्या बळाचें उदाहरण दौंड तालुक्यास नवें नाहीं. केडगांवचें मुक्ति सदन उभें करणाऱ्या पंडिता रमाबाई यांच्या शारदा सदनामागें १८८७ सालीं बोस्टन येथें स्थापन झालेली मंडळी होती; तिच्या सभासदांनीं दहा वर्षें दरसाल वर्गणी देण्याचें वचन दिलें होतें. बाईंच्या धर्मांतराविषयीं आमच्या घरांतून पूर्वीं पुष्कळ वाद झाले, ते येथें उकरीत नाहीं. समुद्रापलीकडच्या शेंकडों घरांनीं नेमानें दिलेल्या लहान रकमांवर एक सदन उभें राहिलें, एवढें ध्यानीं घ्यावें.

आम्हीं तेथेंच कागद घेऊन हिशेब मांडिला. शिरूर व दौंड मिळून ५०० घरांनीं महिना ५० रुपये दिले तर २५,००० रुपये होतात. यंत्रांचें भाडें देऊन एका जाणत्या माणसाचा पुरता पगारहि त्यांतून निघावयाचा नाहीं. २,००० घरें मिळालीं तर लाख रुपये होतील, आणि मग गोष्ट शक्य कोटींत येते. पण ५०० तरी घरें कोठून आणावयाचीं? फुकट मिळतें त्यास पैसे कां द्यावे, असें पहिल्याच घरीं ऐकावें लागेल.

अक्का इतका वेळ भाजी निवडीत ऐकत होत्या. त्यांनीं पन्नासाची नोट काढून माझ्यापुढें ठेविली आणि विचारलें, “वर्षअखेर हिशेब छापून देणार ना?” बोस्टनची मंडळी दरसाल आपला अहवाल छापीत असे, हें मीं त्यांस सांगितलें. “त्यांचें राहूं दे. तुमचा कोण लिहिणार?” भाचा माझ्याकडे पाहूं लागला. नोट तूर्त माझ्या पाकिटांत निराळी ठेविली आहे.