रॅकेट घेताना पोरीची उंची मोजा

आज राजकारणावर लिहीत नाही. शेवटी थोडं येईलच, पण सुरुवात घरातून करतो, कारण चूक माझ्याच घरात झाली.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या पुतणीने टेनिस शिकायचा हट्ट धरला. वय आठ, उंची १२४ सेंटिमीटर. टीव्हीवर मॅच पाहिली आणि डोक्यात बसलं. आपल्याकडे क्रिकेटची बॅट कोणती घ्यावी हे गल्लीतला पानठेलेवालाही सांगतो. टेनिसचं तसं नाही. मी कामानिमित्त मोठ्या शहरात गेलो होतो, तिथल्या एका दुकानातून रॅकेट घेऊन आलो. २७ इंची, तीनशे ग्रॅमच्या आसपास, काळी-पिवळी, एकदम झकास. दुकानदाराने विचारलं, "कोणासाठी?" मी म्हटलं, "पोरीसाठी." त्याने गुलाबी पट्ट्याची दाखवली. मी म्हटलं, "चांगली दाखवा." विषय संपला. पोरीची उंची त्याने विचारली नाही आणि मीही सांगितली नाही.

घरी भाऊ खूश. "बरं केलं मोठी आणली. लहान घेतली असती त वर्षभरात पुन्हा घ्या लागली असती."

पंधरा दिवसांत पोरीचं मनगट दुखायला लागलं. मुठीच्या ठिकाणी धरून रॅकेट उचलायचीच नाही, म्हणून ती दोन्ही हातांनी पार गळ्यापाशी धरायची. चेंडू येऊन निघून जायचा, त्यानंतर रॅकेट पोहोचायची. महिनाभरात रॅकेट कपाटावर गेली आणि घरात निकाल लागला : "तिले नाही जमत. पोरीच्या जातीले एवढा जड खेळ पायजेच काहून?"

हे वाक्य मला लागलं. खेळ जड नव्हताच. रॅकेट जड होती, आणि ती मी आणली होती.

आपण सगळेच असं करतो. गणवेश दोन बोटं ढिला, चप्पल एक नंबर मोठी, सायकल अशी की पाय टेकतच नाहीत. पैशाची ओढाताण असलेल्या घरात हा हिशोब चुकीचा नाही. ढिल्या गणवेशात पोरगी शाळेत जाऊ शकते, शिकू शकते. पण मोठ्या रॅकेटने ती टेनिस शिकू शकत नाही. ती फक्त एवढंच शिकते की हे आपल्याला जमत नाही. दोन वर्षांनी रॅकेट मापात येते खरी, पण तोवर पोरीने मैदान सोडलेलं असतं.

बुलढाणेकरांना हे समजायला खरं तर अवघड जाऊ नये. आपला प्रथमेश जवकार आठवा. मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात त्याने माइक श्लोसरसारख्या दिग्गजाला अंतिम फेरीत हरवून सुवर्ण घेतलं. तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते. आता कोणत्याही तिरंदाजी शिकवणाऱ्याला विचारा : नव्या पोराच्या हातात मोठ्या खेळाडूचं धनुष्य देता का? तो हसेल. आधी पोराचा हात मोजतात, दोरी किती मागे येते ते पाहतात, खेचायला किती जोर लागतो ते ठरवतात, आणि मग धनुष्य देतात. धनुष्य अंगाच्या मापाचं असतं हे ज्या जिल्ह्याला माहीत आहे, त्या जिल्ह्याने रॅकेटचं माप विसरावं?

मग माप घ्यायचं कसं? एका क्रीडाशिक्षक मित्राने मला समजावलं ते साध्या भाषेत सांगतो.

पहिली गोष्ट लांबी. मोठ्यांची रॅकेट २७ इंची. लहान मुलांसाठी १७, १९, २१, २३, २५ आणि २६ इंची मिळतात. वय विचारू नका, उंची मोजा. दाराच्या चौकटीला पाठ लावून पोरीला उभी करा आणि पेन्सिलीने खूण करा. साधारण हिशोब असा :

१०५ सेंटिमीटरपर्यंत – १९ इंची
१०५ ते ११५ – २१ इंची
११५ ते १३० – २३ इंची
१३० ते १४५ – २५ इंची
१४५ ते १५५ – २६ इंची
त्याच्या पुढे – २७ इंची, तीही वजनाला हलकी

कंपनीगणिक थोडा फरक पडतो. म्हणून दुकानात एक परीक्षा करा. पोरीला सरळ उभी करा, हात खाली मोकळा सोडायला सांगा. रॅकेटचं डोकं जमिनीवर टेकवून ती पायाशेजारी उभी धरा. मुठीचं टोक तळहाताला सहज लागलं तर माप बरोबर. कोपर वाकवावं लागलं किंवा खांदा उचलावा लागला तर रॅकेट लांब आहे. परत ठेवा.

दुसरी गोष्ट वजन. मोठ्यांची रॅकेट साधारण २६० ते ३२० ग्रॅम. २३ इंची दोनशे ग्रॅमच्या आसपास येते. आता कोणी म्हणेल, शंभर ग्रॅमने काय होतं? अहो, वजन आणि लांबी एकत्र धरा. पाण्याची बादली छातीशी धरून चालणं वेगळं आणि हात लांब करून धरणं वेगळं. पोरीच्या मनगटाला नुसतं वजन पेलायचं नसतं, ते लांबच्या टोकाला फिरवायचंही असतं, तेही शंभर वेळा. दुकानात तिला एका हाताने रॅकेट खांद्याएवढी समोर धरायला सांगा. वीस मोजेपर्यंत हात थरथरला किंवा खाली आला तर दुसरी बघा.

तिसरी गोष्ट मूठ. छोट्या रॅकेटची मूठ मुळातच बारीक असते, तिथे फार डोकं लावायची गरज नाही. २६-२७ इंचीला मात्र बघा. पोरीने मूठ धरल्यावर बोटांची टोकं आणि तळहात यांच्यात दुसऱ्या हाताचं एक बोट मावलं पाहिजे. शंका आली तर बारीक घ्या. बारीक मूठ वरून पट्टी गुंडाळून जाड करता येते, जाड मूठ तासून बारीक होत नाही.

चौथी गोष्ट, महाग म्हणजे चांगली असं नाही. सुरुवातीला ॲल्युमिनियमची रॅकेट पुरते. तीन-चार वर्षं टिकून खेळली, स्पर्धा सुरू झाल्या, की मग ग्रॅफाइटचा विचार करा. मोठ्या खेळाडूंची कडक पॉलिएस्टर तार लहान पोरीला नको, कोपराला हादरे बसतात. आणि घाटाखालच्या लोकांनो, मे महिन्यात रॅकेट टिनाच्या खोलीत किंवा बंद गाडीत ठेवू नका. उन्हाने तार सैल पडते.

पाचवी गोष्ट गुलाबी रंगाची. मुलींची रॅकेट आणि मुलांची रॅकेट असा वेगळा प्रकार या वयात नसतोच. माप उंचीचं असतं. उलट मुली दहा-अकरा वर्षांच्या झाल्या की मुलांच्या आधी उंच होतात. म्हणजे त्याच वयाच्या भावाला अजून २५ इंची चालत असताना बहिणीला २६ लागू शकते. "भावाची जुनी आहे ना, तिला तीच दे" हा हिशोब इथेच फसतो. जुनी द्या, काही हरकत नाही, पण मोजून द्या.

रॅकेटइतकाच चेंडूही महत्त्वाचा. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१२ पासून नियमच केला आहे की दहा वर्षांखालच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू वापरायचा नाही. लाल चेंडू नेहमीच्यापेक्षा साधारण ७५ टक्के मंद, नारिंगी ५० टक्के मंद, हिरव्या ठिपक्याचा २५ टक्के मंद. पोरीच्या डोक्यावरून उडणारा चेंडू कमरेपाशी येतो आणि तिला मारायला वेळ मिळतो.

लाल चेंडूचं मैदान ११ मीटर लांब आणि साडेपाच मीटर रुंद असलं तरी भागतं. बॅडमिंटनचं कोर्ट १३.४० बाय ६.१० मीटर असतं. म्हणजे लाल चेंडूचं टेनिस बॅडमिंटनच्या कोर्टात बसतं! झेडपीच्या शाळेच्या पटांगणात चुन्याने चार रेघा मारल्या आणि ८० सेंटिमीटर उंचीवर दोरी बांधली की झालं. "आपल्याकडे टेनिस कोर्ट कुठे आहेत?" हे कारण निदान आठ-नऊ वर्षांच्या पोरीसाठी तरी चालणार नाही.

आता थोडं राजकारण.

मध्यंतरी एका शाळेत कपाट उघडून पाहिलं. चार रॅकेट, सगळ्या २७ इंची, प्लास्टिकही काढलेलं नाही. बिलावर लिहिलं होतं : लॉन टेनिस रॅकेट, नग ४. कोणत्या मापाची, कोणत्या वयाच्या मुलांसाठी, काहीच नाही. पाचवी-सहावीच्या पोरींनी त्या उचलून पाहिल्या असतील आणि ठेवून दिल्या असतील. वस्तू खरेदी झाली, ऑडिटला हिशोब जुळला, खेळ मात्र झाला नाही.

समग्र शिक्षा योजनेत क्रीडा साहित्यासाठी वर्षाला प्राथमिक शाळेला ५,००० रुपयांपर्यंत, उच्च प्राथमिकला १०,००० पर्यंत आणि माध्यमिकला २५,००० पर्यंत अनुदानाची तरतूद आहे. पैसा फार नाही, मान्य. पण जो आहे तो मापात खर्च व्हावा एवढंच म्हणणं आहे. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि निम्म्या महिला. म्हणजे आपणच. पुढच्या बैठकीत एक ओळ इतिवृत्तात घालून घ्या : "क्रीडा साहित्य खरेदी करताना विद्यार्थ्यांच्या उंचीनुसार माप नमूद करावे." याला ना मोर्चा लागतो ना निवेदन.

दुसरी मागणी तालुका क्रीडा संकुलांकडे. मापाची रॅकेट पोरीला दीड-दोन वर्षांत लहान होते, हे खरं आहे. माझ्या भावाची तक्रार तिथे बरोबरच होती. सोयाबीनच्या भावाकडे डोळे लावून बसलेल्या बापाला दर दोन वर्षांनी रॅकेट घ्या म्हणणं सोपं नाही. उपाय आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे : वरच्या वर्गातल्या पोराची पुस्तकं खालच्या वर्गातल्या पोराला. तसंच रॅकेटचं करा. संकुलात एक कपाट, एक रजिस्टर. लहान झालेली जमा करा, मापाची घेऊन जा. २१, २३, २५, २६, प्रत्येक मापाच्या चार-पाच रॅकेट जमल्या तरी एका तालुक्याची सुरुवात होते.

काही जण म्हणतील, "जिल्ह्यात पाण्याचे वांधे, पीकविम्याची बोंब, अन तुम्हाले टेनिस सुचते?" भाऊ, पाण्यावरही लिहितो, विम्यावरही लिहितो. पण पोरगी आठ वर्षांची एकदाच असते. पाणी येईपर्यंत ती थांबत नाही.

आणि हा खेळ आपला नाही असंही समजू नका. १९३४ साली विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला मुंबईची लीला राव. तिची आई, संस्कृत लेखिका पंडिता क्षमा राव, स्वतः टेनिस खेळायची. घरात आईच्या हातात रॅकेट होती म्हणून लेकीच्या हातात आली. अलीकडचं बघा. ऋतुजा भोसले, जन्म श्रीरामपूरचा. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ३० सप्टेंबर २०२३ रोजी तिने रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. त्याच स्पर्धेत पाच दिवसांनी आपल्या प्रथमेशने ओजस देवतळे आणि अभिषेक वर्मासोबत तिरंदाजीचं सांघिक सुवर्ण जिंकलं. एक श्रीरामपूरची, एक बुलढाण्याचा. आपल्या पोरींची नावं त्या यादीत येतील की नाही मला माहीत नाही. ती यावीतच असाही माझा हट्ट नाही. पण निदान चुकीच्या रॅकेटमुळे कोणी घरी बसू नये.

पुतणीचं काय झालं? एका ओळखीच्यांच्या मुलाला लहान झालेली २३ इंची रॅकेट मागून आणली. जुनी, मुठीची पट्टी फाटलेली. पट्टी बदलली, लाल चेंडू मागवले, शाळेच्या पटांगणात रेघा मारल्या. पहिल्या दिवशी सलग तीन चेंडू दोरीपलीकडे गेले तेव्हा ती माझ्याकडे न बघता बापाकडे बघत होती. आता बारा-पंधरा जातात. चॅम्पियन वगैरे काही नाही. पण "तिले जमत नाही" हे वाक्य आमच्या घरातून गेलं. परवा भाऊच म्हणाला, "उंची मोजून घे रे पोरीची, वाढली वाटते."

माझी २७ इंची अजून कपाटावर आहे. ती यायला पोरीला अजून पाच-सहा वर्षं आहेत. तोवर खामगाव तालुक्यात कोणाची पोरगी १५५ सेंटिमीटरच्या वर असेल आणि तिला खेळायचं असेल, तर सांगा. घेऊन जा, वापरा, लहान-मोठं झालं की पुढे द्या. आणि तुमच्या घरी माळ्यावर एखादी लहान रॅकेट पडली असेल, तर धूळ झटका आणि तिच्यावर किती इंची लिहिलंय ते बघा. गावातच तिच्या मापाची एखादी पोरगी नक्की असेल.